कवळीखालची खसखस

शनिवार, २६ एप्रिल २०२५

प्रिय मेरेटे,

अक्षर ओळखलंस का? नसशील तर आधी खालची सही बघ, आणि मग पत्र वाचायचं की शेगडीत घालायचं ते ठरव. मी आपली तू वाचणार असं धरून चालते.

तू खुशाल असशील. मीही बरी आहे. डावा गुडघा सोडला तर बाकीची बोडिल अजून शाबूत आहे. धाकटीला मुलगी झाली, ती आता चार वर्षांची आहे आणि मला 'आजी' न म्हणता सरळ 'बोडिल' म्हणते, तेही दटावणीच्या सुरात. बीच झाडांच्या रानात पांढरी फुलं नुसती पसरली आहेत. काल तिला घेऊन गेले होते. तिने एक फूल तोडून माझ्या नाकात कोंबलं.

तुझा पत्ता तुझ्या शाळेच्या पानावरून मिळाला. फोटोही पाहिला. हातात चंचुपात्र, डोक्यावर पांढरे केस, आणि कपाळावर आठी तीच! त्या बेटावरची पोरं तुझ्या तासाला चिडीचूप बसत असणार, यात मला तिळमात्र शंका नाही.

फोन नंबरही तिथेच होता. पण फोनवर तू ठेवून दिला असतास तर माझी पुन्हा हिंमत झाली नसती. त्यात आता रस्त्यावरच्या लाल टपालपेट्या काढणार म्हणतात. म्हटलं, पेटी जायच्या आत पत्र जाऊ दे.

बातमी एक: जूनअखेर मी निवृत्त होते आहे.

बातमी दोन: फेब्रुवारीत प्रयोगशाळेत एक गंमत झाली. ती सांगायलाच बसले आहे. म्हणजे तीही सांगायला बसले आहे.

एका वृद्धाश्रमातून आक्सेल नावाचे एक आजोबा आमच्याकडे आले. आले म्हणजे कसे ते तुला माहीत आहे: बाटल्यांमधून. मांडीच्या शिरेतलं रक्त, लघवी, डोळ्यातला द्रव, जठरातला ऐवज. वय एक्क्याण्णव. हृदय थकलेलं, त्यानेच गेले, याबद्दल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना काहीच शंका नव्हती. पण झोपेत अचानक गेले म्हणून नियमाप्रमाणे सगळे द्रव आमच्याकडे. रक्तात हृदयाची गोळी, जेवढी हवी तेवढीच. बाकी स्वच्छ. आणि लघवीत मॉर्फिन! लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही, पण होतं.

आजोबांना मॉर्फिन कुणीच लिहून दिलेलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या बाईंना मात्र मॉर्फिनचे थेंब चालू होते. दोन्ही खोल्या एकाच मदतनीस बाईकडे, तिचं नाव लिस्बेथ, वय एक्कावन्न. झालं! हिने आदल्या दिवशी एकाचे थेंब दुसऱ्याला दिले आणि चूक लपवली, असं सगळ्यांनी धरलं. आजोबा त्याने मेले नाहीत, हे पोलिसांनाही मान्य होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडात भलतंच औषध घालून गप्प बसणारी बाई पुन्हा कुठल्या वृद्धाश्रमात उभी करतील? आमचा अहवाल येईपर्यंत तिला घरी बसवलं होतं.

येप्पे, म्हणजे तुझ्या जागेवर आलेला रसायनतज्ज्ञ, अहवाल लिहायला बसला. माणूस चांगला आहे, पण सरळ रेघेवरून चालतो. मी म्हटलं, "अरे, रक्तात काहीच नाही आणि लघवीत एवढंसंच. रक्त आत्ताचं सांगतं, लघवी कालचं. काल याने खाल्लं काय, ते तरी बघ."

तो म्हणाला, "बोडिल, आपलं काम आकडा सांगायचं. गोष्ट सांगायचं नाही."

"आकड्याला तोंड फुटतं तेव्हा त्या तोंडात काय होतं तेही बघावं लागतं," मी म्हटलं, आणि शवविच्छेदनाचा कागद त्याच्या पुढ्यातून ओढून घेतला. अगदी तळाला, दातांच्या रकान्यात, डॉक्टरीणबाईंनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: वरच्या कवळीखाली दोन काळपट दाणे.

मेरेटे, मी खाली बसले. येप्पेने पाणी आणलं. त्याला वाटलं, गुडघा.

पोलिसाला मी फोन केला: खसखशीनेही लघवीत थोडं मॉर्फिन उतरतं, आजोबांनी तसलं काही खाल्लं होतं का? तो म्हणाला, "बाई, तो वृद्धाश्रम कवळीवाल्यांना बियांचं काही देतच नाही. दाणे कवळीखाली जातात, हिरड्या सोलवटतात. भिंतीवर तसा नियमच लावलाय."

"वृद्धाश्रमाला विचारू नका, लिस्बेथबाईंना विचारा. आणि दरडावून नको, कॉफी देऊन विचारा."

दोन दिवसांनी त्याचाच फोन. लिस्बेथबाई ढसाढसा रडल्या म्हणे. दर गुरुवारी कामावर येताना त्या आजोबांसाठी कोपऱ्यावरच्या बेकरीतून दोन टेबिर्केस आणायच्या. तेच गं, लोण्याने पदर सुटलेले, वर खसखस थापलेले पाव. आजोबा म्हणायचे, पाव नाही तर गुरुवार नाही. नियम मोडल्याबद्दल एकदा ताकीद मिळालेली होती, म्हणून पोलिसांपुढेही त्या पावांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. मॉर्फिनचा आळ डोक्यावर घेऊन घरी बसल्या, पण दोन पाव कबूल करायची लाज वाटली!

येप्पे म्हणाला, "काय बाई आहे!"

मी शवविच्छेदनाचा कागद जागेवर ठेवून दिला. अशी एक बाई मी रोज आरशात बघते.

आता पोलिसांना नुसती कथा नको होती, पुरावा हवा होता. आमच्या मुख्य बाई स्वावा, मूळच्या आइसलंडच्या, त्या म्हणाल्या, "त्याच बेकरीतले दोन पाव कुणीतरी खायचे आणि दर काही तासांनी नमुना द्यायचा. कोण खातं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

शुक्रवारची सकाळ, सगळे न्याहारीच्या टेबलाभोवती. ती शुक्रवारची पाळी अजून चालू आहे, कुणी पाव आणायचे त्याची यादी अजून फ्रिजवरच असते. आणि तिच्या वर आपल्या तेव्हाच्या मुख्य क्राग साहेबांची ती पिवळी पडलेली चिठ्ठीही अजून तशीच: कोरा नमुना देणाऱ्याने तीन दिवस खसखस, खोकल्याचं औषध, वेदनाशामक गोळी, काही म्हणजे काही घ्यायचं नाही. त्या चिठ्ठीखाली बसून मी दोन टेबिर्केस खाल्ले. लोणी लावून. येप्पे घड्याळ धरून उभा. कुणीतरी विचारलं, "कसा आहे?" मी तोंड भरलेलं असताना "पुराव्यासाठी तिसराही लागेल" असं म्हटलं आणि टेबलाभोवती खसखस पिकली. पण मला हसताना रडू यायला लागलं, ते काही थांबेना. चोवीस वर्षांत मी खसखशीचा एक दाणा जिभेवर ठेवला नव्हता.

दिवसभर मी आणि माझ्या बाटल्या, अशी वरात बाथरूमपासून यंत्रापर्यंत चालू होती. संध्याकाळी आकडे आले. माझ्या लघवीतलं मॉर्फिन आजोबांच्या आकड्याच्या अगदी शेजारी, आणि रक्तात काही नाही. शिवाय दोघांच्याही आलेखांवर मॉर्फिनच्या पुढे एक बुटका उंचवटा: थीबेन. ते खसखशीच्या बोंडातून येतं, औषधाच्या थेंबांत नसतं. आजोबांनी थेंब घेतले नव्हते, पाव खाल्ला होता. येप्पेने अहवालात अख्खी गोष्ट लिहिली, दीड पान! वृद्धाश्रमाने लिस्बेथबाईंना परत बोलावलं, आणि आता तिथे ज्याच्या हिरड्यांना झेपेल त्याला गुरुवारी खसखशीचा पाव मिळतो. आजोबांच्या मुलीने लिस्बेथबाईंना मिठी मारली म्हणे. बापाने शेवटच्या दिवशी काय खाल्लं, ते तिला कळलं ना.

आकडे आले त्या संध्याकाळी आम्ही टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात स्वावांनी विचारलं, "पण बोडिल, दोन दाण्यांवरून तुला एवढी खात्री कशी वाटली?"

आता इथवर आले आहे तर लिहिते. मघापासून मी भोवती भोवतीच फिरते आहे, ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

सोळा मार्च २००१. शुक्रवार. त्या दिवशीचा कोरा नमुना माझा होता. यंत्राला आधी स्वच्छ माणसाची लघवी दाखवायची, मग मेलेल्यांची, आणि स्वच्छ माणूस मी होते. त्या कोऱ्या नमुन्यात मॉर्फिन निघालं. पाच प्रकरणं पुन्हा करावी लागली, एक कोर्टाची तारीख चुकली. क्राग साहेबांनी आपल्या दोघींना खोलीत बोलावलं. आत जाण्याआधी तू मला पाण्याचा पेला दिलास. मी घाबरले आहे म्हणून दिलास, असं मला वाटलं. त्यांनी मला विचारलं, "काल-आज काय खाल्लंस?" मी म्हटलं, "ओटची पेज."

मेरेटे, मी टेबिर्केस खाल्ला होता. त्याच सकाळी, बसथांब्यावरच्या बेकरीत, गरम होता म्हणून. काही कारण नव्हतं गं. भूकसुद्धा नव्हती. वास आला, आणि नियम जिभेला आठवला नाही.

मग उरलीस तू. यंत्राच्या तुलनेसाठी मॉर्फिनचं प्रमाण-द्रावण बनवायचीस तू, पिपेट तुझ्या; त्यातलाच अंश माझ्या नमुन्यात गेला असं ठरलं. साहेबांनी वहीत लिहिलं: हाताळणीत हलगर्जी. तुझी पिपेट! जी तू कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस. मी तिथेच उभी होते. मला वाटलं, सोमवारी सांगेन. मी तेव्हा हंगामी होते, मेपर्यंत नोकरी कच्चीच होती, माझ्या आधीच्या बाईला त्यांनी खोकल्याच्या औषधापायी घालवलं होतं. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कारण नाही. तुला बाटल्या विसळायला बसवलं तेव्हा मी रोज समोरून ये-जा करत होते. जूनमध्ये तू गेलीस, आणि तुझ्या निरोपाच्या केकसाठी मी क्रीम घोटलं. ते आठवलं की अजून माझे कान तापतात.

हे सगळं मी टेबलापाशी उभी राहून सर्वांसमोर सांगितलं. मग स्वावा उठल्या आणि तळघरात गेल्या. अर्ध्या तासाने धुळीने माखून वर आल्या, बगलेत २००१ची वही आणि तिला टाचलेले आलेख. माझ्या त्या नमुन्याचा आलेख त्यांनी दिव्याखाली धरला. मॉर्फिनच्या पुढे बुटका उंचवटा. कुणी नाव न दिलेला, कुणी न पाहिलेला. चोवीस वर्षं तिथेच होता! तुझ्या बाटलीत शुद्ध मॉर्फिन होतं, त्यातून थीबेन येणं शक्यच नाही. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नकोस, मेरेटे. कागदावर ठेव. प्रत सोबत जोडली आहे.

साहेबांच्या ओळीखाली स्वावांनी लाल शाईने काय लिहिलंय तेही प्रतीत दिसेल: "चूक नमुना देणारीची. मेरेटेचं काम स्वच्छ होतं." खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. माझी पहिली.

क्राग साहेब अठ्ठ्याऐंशीचे आहेत. त्यांनाही फोन करून सांगितलं. म्हणाले, "पेज खाल्ली म्हणणारीचे दात बघायचं मला तेव्हाच सुचायला हवं होतं." आणि तुझा पत्ता विचारला. दिला नाही, आधी तुला विचारायचं होतं.

हे पत्र लिहायला मला त्या दिवसापासून अडीच महिने लागले. अकरा मसुदे फाडले. स्वावांनी आणि मी फ्रिजवरच्या यादीत एक नाव घातलं आहे: शुक्रवार, १६ मे, मेरेटे. तू आली नाहीस तर ती जागा रिकामी राहील आणि त्या दिवशी आम्ही सगळे उपाशी राहू, असं ठरलं आहे. येप्पे कुरकुरतोय, पण त्यानेही मान डोलावली.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर.

जिने खाल्ला होता ती,
बोडिल

•

मार्स्टाल, सोमवार, ५ मे २०२५

बोडिल,

अक्षर पाकिटावरच ओळखलं. तुझा 'म' अजून लंगडतो.

पत्र आलं तेव्हा दहावीच्या वह्या तपासत होते. पहिलं पान वाचलं आणि बाजूला ठेवलं. बंदरावर एक चक्कर मारून आले, मग उरलेलं वाचलं. मग वह्या तपासल्या. सगळ्यांना भरघोस गुण पडले, तेवढं पुण्य तुझ्या खात्यावर.

आता माझं ऐक. तुझ्या दातांत, वर डावीकडे, एक दाणा होता. तो मी पाहिला होता.

म्हणून तर पाण्याचा पेला दिला. मला वाटलं, ही चूळ भरेल आणि आत जाऊन बोलेल. तू नुसती चूळ भरलीस! बये, तो पेला मी तुझं तोंड उघडायला दिला होता, धुवायला नाही.

मीच का नाही बोलले? आधी वाटलं, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलेल. मग वाटलं, सोमवारी. मग माझाच हट्ट पेटला, की हिच्याबद्दल मला सांगावं लागणार असेल तर ही मैत्रीण कसली. पहिली चार वर्षं मी तुला रोज शिव्या घातल्या. बेटावर वारा भरपूर आहे, कुणाला ऐकू जात नाही. पुढे कंटाळा आला. तुझी आठवण मात्र येत राहिली, आणि तेच जास्त चीड आणणारं होतं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. दाणा पाहिला म्हणून आकडा कळत नाही, बोडिल. आपल्याला हेच तर शिकवलं होतं. तू खाल्लास, हे मला माहीत होतं. पण यंत्रावरचं ते मॉर्फिन तुझ्याच पावातलं होतं, हे मला कुठून माहीत असणार? त्या आठवड्यात मी दमलेली होते. गुरुवारी मी पिपेट एकदाच विसळली की दोनदा, हे मला आजतागायत आठवत नाही. पोरांना प्रयोग शिकवताना दरवेळी हात थबकायचा. एकदा एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही इतक्यांदा का विसळता?" मी तिला म्हटलं, सवय.

काल तुझा आलेख खिडकीशी धरला. तो बुटका उंचवटा मी कितीतरी वेळ बघत होते. किती सुंदर दिसतो गं तो! मग स्वयंपाकघरात उभी राहून एकटीच मोठमोठ्याने हसले. शेजारची ग्रेटे कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय झालं, लॉटरी लागली?" मी म्हटलं, "त्याहून मोठं. माझी पिपेट स्वच्छ होती." तिने मला घरात जाऊन पडायला सांगितलं.

लाल शाईची ती प्रत मी फ्रिजवर लावली आहे, घोड्याच्या चुंबकाखाली. क्राग साहेबांना माझा पत्ता दे. म्हाताऱ्याला सांग, पत्र लांबलचक लिहा, मला घाई नाही.

आणि तू रडू नकोस. म्हणजे रड, पण आवरतं घे. एकवीस वर्षांची होते तेव्हापासून मला ठाऊक आहे, माणसं बहुतेक वेळा विषाने मरत नाहीत, हृदयानेच मरतात. तू ते ओझं चोवीस वर्षं वाहिलंस, आता ठेव खाली.

गुरुवारच्या बोटीने येते. झोपायला तुझ्याकडे, तुझी नात मला 'मेरेटे' म्हणाली तर चालेल. इथल्या बेकरीवाल्याला दोन डझन टेबिर्केस सांगून ठेवले आहेत, खसखस दामदुप्पट. त्या शुक्रवारी कोरा नमुना द्यायला दुसरं कुणीतरी शोधून ठेवा, कारण त्या टेबलावर कोरं कुणी उरणार नाही.

पहिला पाव तू खायचास, सगळ्यांसमोर. आणि या वेळी मी तुला पाणी देणार नाही. दातांत दाणा तसाच ठेवून माझ्याकडे बघून हस.

तुझी,
स्वच्छ हातांची मेरेटे